शुक्रवारचं गाऱ्हाणं

देवखोलच्या खाडीबाहेर बोट नांगर टाकायची ती शुक्रवारी, आणि शुक्रवारी प्रत्यक्ष ग्रामदेव रवळनाथ जरी हर्षदा घाडीला भेटायला आला असता, तरी तिने त्याला ‘जरा पुढच्या गाडीत बसा’ म्हणूनच सांगितलं असतं. तेवढी तिची धांदल असायची. बोट केवढी, तर आख्ख्या देवखोलात राहत नव्हती तेवढी माणसं एका बोटीत. सकाळी लहान होड्यांतून ती जेटीवर उतरायची आणि सूर्य बुडायच्या आत परत चढायची. मधल्या वेळात त्यांना फिरवायचं, खिलवायचं, दमवायचं आणि एकालाही न हरवता परत पोचवायचं, हा हर्षदाचा धंदा. ‘किनारा-सहलींची आखणी’ असं तिच्या दारावरच्या पाटीवर होतं. गावातले लोक त्याला ‘बोटवाल्यांची गुरं वळणं’ म्हणायचे.

वळायला ती हुशार होती, यात शंका नाही. म्हाताऱ्यांना चढ नको, पोरांना वाट बघणं नको, गोऱ्यांना ऊन हवं आणि आपल्यांना सावली. किल्ल्याची फेरी भरतीच्या आधी उरकायची, खारफुटीतली होडी भरतीनंतर सोडायची, आणि काजूच्या भट्टीवर जेवणाआधीच न्यायचं, कारण जेवल्यावर त्या धुरात माणूस डुलक्या घेतो. ही अक्कल तिला शाळेत मिळाली नव्हती. बोटी देवखोलला यायला लागल्या त्या पहिल्या वर्षापासून तिने चुका करून करून ती कमावली होती.

तिच्या मदतीला होता तांडेल. तांडेल म्हणजे खरं तर होडीचा म्होरक्या, पण हा तांडेल माणूस नव्हता. बोटकंपनीच्या सहली आखणारी ती संगणकाची प्रणाली होती. तिचं मूळ नाव लांबलचक आणि जिभेला न वळणारं, म्हणून देवखोलकरांनी तिचं बारसं करून टाकलं. कानात अडकवलेल्या चिमुकल्या यंत्रातून तो हर्षदाशी चक्क मराठीत बोलायचा. आणि त्याला जी काही अक्कल होती, ती सगळी प्रवाशांच्या हातांवरच्या पट्ट्यांतून आलेली होती.

पट्ट्याची गोष्ट थोडी समजून घेतली पाहिजे. पूर्वी सहल संपली की प्रवाशांना विचारायचे, ‘कशी वाटली?’ माणूस म्हणायचा, ‘छान!’ आणि पुन्हा त्या बोटीकडे फिरकायचा नाही. माणूस तोंडदेखलं बोलतो, खोटं हसतो, वेळ पडली तर खोटं रडतोसुद्धा. पण अंगावर काटा मात्र कुणाला मुद्दाम आणता येत नाही. कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो आणि तो आपल्या हुकमात नसतो. थंडी वाजली, भीती वाटली, किंवा काही फार आत जाऊन लागलं, की तो आपला आपण आखडतो आणि केस उभा राहतो. मनगटाच्या वरच्या पट्ट्यात तिळाएवढा कॅमेरा बसवून कंपनीने ते केस मोजायला सुरुवात केली. थंडीचा काटा वेगळा, तो वगळायचा. उरलेला काटा कुठे आला, काय बघताना आला, काय ऐकताना आला, हे तांडेल शिकत गेला. त्यातून कळलं ते असं, की ज्याच्या अंगावर सहलीत एकदा तरी काटा आला, तो माणूस पुन्हा बोटीवर येतोच. मग कंपनीने ‘कशी वाटली’ विचारणं सोडूनच दिलं.

देवखोलचा काटा बेताचाच होता. किल्ल्यावर थोडा, दशावताराचा राक्षस अंगावर धावला की थोडा, बाकी सपाट. त्याची हर्षदाला रात्रंदिवस काळजी, कारण किनाऱ्याच्या या भागात बोट एकाच लहान बंदरात थांबणार, देवखोलला नाहीतर दक्षिणेकडच्या दुसऱ्या बंदराला, हे कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं. पुढच्या हंगामाचा निर्णय माघात व्हायचा होता. बोट गेली की रिक्षा गेल्या, खानावळी गेल्या, होड्या गेल्या, आणि हर्षदाची पाटीही गेली.

आणि मग दसऱ्याच्या आधी जग्गू परबाच्या मिनीबसचा टायर बसला.

जग्गू म्हणजे गाडीवाल्यांचा पुढारी. आवाज मोठा, राग मोठा, मन त्याहून मोठं, पण ते सहसा दिसायचं नाही. काजूच्या भट्टीकडे निघालेली त्याची गाडी रवळनाथाच्या देवळासमोर थांबली. तो टायरला शिव्या देत जॅक लावायला बसला, आणि आतले प्रवासी उतरून सावलीसाठी देवळाच्या पायऱ्यांवर गेले.

आत हर्षदाचे वडील अण्णा घाडी गाऱ्हाणं घालत होते. देवखोलात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. ज्याचं संकट असेल तो नारळ घेऊन हात जोडून उभा राहतो, घाडी त्याच्या वतीने देवाशी बोलतो, आणि जमलेली माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणतात. त्या दिवशी सुलोचना मेस्त्रीण उभी होती. तिचा नवरा मच्छीमारीला गेला होता आणि कितीतरी दिवस त्याचा फोन नव्हता.

“बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा!” अण्णांचा आवाज घुमला. “ही सुलोचना तुझ्या दारात उभी ऱ्हवली हा. हिचो घोव दर्यात गेलो हा, त्याचो पत्तो नाय. काय चुकला-माकला असात तर पदरात घे, आणि जसो गेलो तसो त्याका घराक हाड रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

जेटीवर उभ्या असलेल्या हर्षदाच्या कानात तांडेल म्हणाला, “बस क्रमांक चार. सगळ्या पट्ट्यांवर काटा.”

“सगळ्या? बिघाड असेल.”

“बिघाड नाही. मी तपासलं.”

प्रवाशांना एक अक्षर कळलं नव्हतं. मेस्त्रिणीचा नवराही पुढे बंद पडलेल्या इंजिनाची होडी वल्हवत सुखरूप परत आला. पण बोटीवर त्या काट्याची बातमी पोचली, आणि पुढच्याच शुक्रवारी फिलोमेना स्वतः जेटीवर उतरली.

फिलोमेना गोव्याची. बोटीवर सहलींचा सगळा कारभार तिच्याकडे. बोलायला तिखट आणि हिशेबी, पण हर्षदाशी तिचं जमायचं.

“हर्षदा, ऐक गो,” ती म्हणाली. “असा आकडा मी आख्ख्या सीझनमध्ये पाहिला नाही. ते देवळातलं मला दर शुक्रवारी हवं. ते दिलंस तर माघात मी तुझ्यासाठी भांडू शकते. नाहीतर कशाच्या जोरावर भांडू, सांग.”

हर्षदाने घरी येऊन भीतभीतच विषय काढला. अण्णा भाताची पेज पीत होते.

“देवाच्या दारात कोणाक मनाई नाय,” ते म्हणाले. “बघूक येतत, येवंदेत. पण मी नाटक करूचंय नाय हां, आधीच सांगतंय.”

पहिला ठरवलेला शुक्रवार सपशेल पडला. अण्णांनी आलेल्या पाहुण्यांच्या सुखरूप प्रवासासाठी गाऱ्हाणं घातलं. शब्द तेच, देऊळ तेच, पण काटा शून्य. तांडेलने कारण सांगितलं. माणसाला खरी काळजी वाटते तेव्हा घशाचे स्नायू किंचित थरथरतात. ही थरथर इतकी बारीक असते की कानाला कळत नाही, पण ऐकणाऱ्याच्या शरीराला कळते, मग भाषा कळो न कळो. याला तो ‘कंप’ म्हणायचा. मेस्त्रिणीच्या दिवशी अण्णांच्या आवाजात कंप होता. पाहुण्यांच्या वेळी नव्हता. सुलोचना अण्णांच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर, तिच्यासाठी आतडं तुटणारच. बोटीतल्या अनोळखी माणसांसाठी कसं तुटेल?

म्हणजे शुक्रवारी खरं संकट हवं. हर्षदाने कंबर कसली.

सुरुवातीला काही जड गेलं नाही. गावात संकटांना काय तोटा? कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराचं व्हिसाचं अडलं, कुणाच्या सासूने अंथरूण धरलं. एरवी माणसं गाऱ्हाणं घालायला वाटेल त्या दिवशी यायची. हर्षदा घरोघर जाऊन सांगू लागली, “शुक्रवारी या. बोटीची माणसं असतात, जरा बरं दिसतं.” आणि देवखोलकर ऐकू लागले, कारण बोट सगळ्यांनाच हवी होती. सोमवारी पोटात दुखायला लागलं तरी माणूस शुक्रवारपर्यंत कळ काढू लागला. एका म्हातारीने तर, ‘माझा काय ता शुक्रवारीच सांगतलंय’ म्हणून गुडघ्याला साधं तेलसुद्धा लावून घेतलं नाही.

“अगो,” अण्णा वैतागून म्हणाले, “संकट काय शुक्रवारच्या येष्टीन येता?”

“देव एक आठवडा थांबतो, अण्णा. बोट थांबत नाही.”

पोरगी आपल्यापेक्षा शिकलेली, गावाचं भलं बघतेय, असं म्हणून अण्णांनी सोडून दिलं.

दिवाळीनंतरचा एक शुक्रवार मात्र असा आला, की संकट खरं होतं आणि काटा नव्हता. परबांच्या सुनेला दिवस राहत नव्हते, पोरगी देवापुढे ढसढसा रडली. अण्णांनी गाऱ्हाणं खणखणीत घातलं आणि पट्टे सपाट. त्या दिवशी हर्षदा घरी आली ती तोंड पाडून. “आज काय जमलं नाही, अण्णा,” एवढं म्हणाली आणि ताट बाजूला सारून झोपायला गेली.

पण पुढच्या शुक्रवारी आकडा परत वर आला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वर. पौषात गावातली संकटं संपत आली, म्हणून हर्षदाने शेवंता गावडिणीला ‘पोरीचं लग्न जमत नाही म्हणून सांग’ असं पढवून उभी केली. पोरीचं लग्न तर आधीच जमलेलं! तरी काटा आला, आणि भरघोस आला. हर्षदाला हायसं वाटलं. संकट खरं असो नाहीतर खोटं, आता अडत नव्हतं.

“अण्णा, तुम्हाला जमायला लागलं हां,” ती कौतुकाने म्हणाली. “नाटक करूचंय नाय म्हणत होता ना?”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि हातात नुसताच धरलेला सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. अलीकडे ते सुपारी कातरताना दिसत नसत. हर्षदाला वाटलं, दात दुखत असतील.

माघ उजाडला. पुढच्या शुक्रवारच्या बोटीने कंपनीचे बडे साहेब यायचे होते. ते स्वतः पट्टा बांधून देवळात उभे राहणार आणि तिथेच निर्णय करणार, असा फिलोमेनाचा निरोप होता. भर दुपारी कचेरीत बसून हर्षदाने त्या दिवसाची आखणी मांडली. साहेबांची गाडी, साहेबांची सावली, साहेबांचं शहाळं. मग तिने तांडेलला विचारलं, “अण्णांचा कंप शुक्रवारपर्यंत आणखी वाढवता येईल का?”

“वाढवावा लागणार नाही,” तांडेल म्हणाला. “तो आपोआप वाढेल.”

“म्हणजे?”

“तो काळजीचा कंप नाही. काळजीचा कंप शब्दाप्रमाणे कमीजास्त होतो. हा प्रत्येक अक्षरावर सारखा आहे, आणि सावकाश वाढतो आहे. तो स्नायूंचा आहे. डॉक्टर याला बहुतेक कंपवाताची सुरुवात म्हणतील. ऐकणाऱ्याच्या शरीराला फरक कळत नाही. त्याच्यावर परिणाम तोच होतो.”

हर्षदाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

“तुला हे कधी कळलं?”

“दिवाळीच्या सुमारास.”

“आणि सांगितलं नाहीस? अरे मेल्या, माझ्या बापाचा आवाज आहे तो!”

“तुम्ही म्हणाला होता, बिघाड असेल तरच बोल. परिणाम चांगला होता.”

ती खरंच तसं म्हणाली होती. जेटीवरच्या गोंधळात तो एकसारखा आकडे सांगत राहायचा, म्हणून तिनेच एकदा त्याला दटावलं होतं. आता दटावायला तिच्यासमोर कुणीच नव्हतं. कानातलं यंत्र काढून तिने टेबलावर ठेवलं आणि चपला घालायचं भान न राहता ती घराकडे निघाली.

अण्णा मागच्या पडवीत होते. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून बसले होते. ती येताना दिसली तशी त्यांनी हात पंच्याखाली घेतला.

“हात बघू, अण्णा.”

“कित्याक? काय झाला?”

“बघू म्हणते ना!”

तिने पंचा ओढला. हात हलत होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत होती, जसं काही अण्णा न दिसणारी जपमाळ ओढत होते.

“तुम्हांक म्हायत होता?” एरवी ती घरात शहरी बोलायची. आज तोंडातून आईची भाषा आली.

“हाताचा म्हायत होता,” अण्णा म्हणाले. “चाय सांडाक लागली तेव्हाच कळला. कुडाळच्या डॉक्टराकडे जावन इलंय. रोग जावचो नाय म्हणालो, पण गोळयेन आवरान ऱ्हवतलो.”

“मग गोळ्ये खंय?”

अण्णांनी पंचा पुन्हा हातावर ओढला.

“अण्णा, गोळ्ये घेतल्यात काय नाय?”

“घेतलंय. आठवडोभर घेतलंय.” ते अंगणातल्या माडाकडे बघत बोलू लागले. “बरा वाटला गो. हात थांबलो, आवाज सरळ लागलो, मन भरान इला तरी कापूक नाय. त्या शुक्रवारी गाऱ्हाणा कसा लख्ख झाला, परबाच्या सुनेचा. माका वाटला, देवान ऐकल्यान. आणि तू घराक इलंस ती तोंड पाडून. जेवलंस पण नाय. तेव्हा माझ्या ध्यानात इला काय ता. दुसऱ्या दिवसापासून गोळ्ये डब्यात ठेवलंय.”

हर्षदा खाली बसली. तिला एकदम रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा स्वतःचा राग जास्त आला. बापाला चहाचा कप धरता येत नव्हता, आणि आपण त्याच्या थरथरीला शाबासकी देत होतो!

“रडतंस कित्याक? बोट गावाची हा. तुझी नोकरी हा. माझो हात हलता तर हलांदे. वायट ता देवान दिल्यान, त्याच्यातसून कोणाचा बरा झाला तर झाला.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “ह्यो एकच शुक्रवार जावंदे. साह्येब येवन जावंदेत. शनिवारपासून घेतंय गोळ्ये. तुझी शपथ.”

आणि खरं सांगायचं तर हर्षदाच्या मनात आलं, हो म्हणावं. एकच शुक्रवार. इतके दिवस गोळ्यांशिवाय गेले, आणखी चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? जग्गूच्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या, खानावळवाल्या बायका आल्या, फिलोमेना आली. तिने डोळे पुसून वर बघितलं. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते. दुखतंय-खुपतंय याचं त्या नजरेत काही नव्हतं, पोरगी खूश होतेय की नाही एवढंच ते शोधत होते. दिवाळीनंतरच्या त्या शुक्रवारीही ते असेच बघत असणार, आणि आपण ताट सारून उठून गेलो.

“डबो खंय हा?” तिने विचारलं.

“शनिवारपासून...”

“डबो खंय हा, अण्णा?”

डबा देवघरात समईच्या मागे होता. तिने पाणी आणलं आणि गोळी त्यांच्या तोंडात घातली. गिळेपर्यंत ती समोरून हलली नाही.

संध्याकाळी तिने फिलोमेनाला फोन लावला.

“शुक्रवारचं गाऱ्हाणं रद्द कर.”

“तुला वेड लागलं काय गो? साहेब त्याच्यासाठी येतोय!”

“किल्ला दाखवते, खारफुटी दाखवते, म्हणशील ते करते. देऊळ नाही.”

“कारण काय सांगू मी? मला कारण तर दे.”

“सांग, गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाने औषध सुरू केलंय.”

हर्षदाने सगळं सांगितलं. फिलोमेना म्हणाली, “मला आकडा दिसत होता, हर्षदा. आकडा चांगला होता म्हणून मीही कधी विचारलं नाही. पण तुला खोटं सांगत नाही, आता तुमचं बंदर माझ्याने वाचायचं नाही.”

ते वाचलं नाहीच. साहेब आले, किल्ला बघितला, शहाळं प्यायले, हसून हात मिळवला आणि गेले. पट्टा सपाट. आठवड्याभरात निरोप आला, पुढच्या हंगामापासून बोट दक्षिणेकडच्या बंदराला लागेल.

गावात बोंब झाली. “घाडीच्या चेडवान गाव बुडवल्यान!” जग्गू परब रिक्षास्टँडवर सगळ्यांच्या देखत ओरडला. “एक शुक्रवार, फकत एक शुक्रवार काढूचो होतो. म्हातारो काय मरत होतो? आता माझ्ये दोन गाड्ये दारात उभे ऱ्हवतले, तेंका हार घालू?” हर्षदा तिथूनच चालली होती. तिने ऐकलं आणि मान खाली घालून पुढे गेली, कारण तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. खानावळवाल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. शेवंता गावडिणीने पोरीच्या लग्नाचं आमंत्रण अण्णांना दिलं, तिला दिलं नाही.

शेवटची बोट गेली, पाटी उतरवली, आणि एका सोमवारी सकाळी अण्णा तिला म्हणाले, “नारळ घे. देवळात चल.”

“कशाला?”

“तुझा गाऱ्हाणा घालूचा हा.”

“सोमवारी?” तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

देवळात दहा-बारा माणसं होती. अण्णांनी बोलावलं म्हणून आली होती, मानापोटी, हर्षदासाठी नाही. जग्गू खांबाला टेकून पाठमोरा उभा होता. हर्षदा नारळ घेऊन देवापुढे उभी राहिली. एवढ्या लोकांना तिने इथे उभं केलं होतं, पण इथे उभं राहिल्यावर पाठीला किती डोळे लागतात ते तिला माहीतच नव्हतं.

“बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा!” अण्णांचा आवाज सरळ होता, गोळ्यांनी आवरलेला. “ही माझी हर्षदा तुझ्या दारात उभी ऱ्हवली हा. हिना तुझ्या दाराचो बाजार मांडल्यान, आणि मी मांडूक दिलंय. मगे हिनाच तो मोडल्यान. त्याच्यात गावाचा नुकसान झाला आणि हिचा पण झाला. हिना बापाशीक संभाळल्यान, ता बरा केल्यान काय वायट, ता तुका ठावक. आता हिच्या पोटापाण्याचा बघ. गावाच्या पोटापाण्याचा बघ. आणि गावाच्या मनात हिच्यावर राग हा, त्या रागाचा पण तूच काय ता बघ रे म्हाराजा!”

कुणी ‘होय’ म्हटलं नाही.

देवखोलात असं कधी झालं नव्हतं. जमलेल्यांनी ‘होय’ म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सुलोचना मेस्त्रिणीने तोंड उघडलं, पण बाकी सगळे गप्प बघून तिला एकटीला धीर झाला नाही. अण्णा हात जोडून तसेच थांबले. हर्षदाला वाटलं, नारळ खाली ठेवावा आणि निघून जावं.

जग्गू परब खांबापासून सुटा झाला. तिच्याकडे त्याने बघितलंच नाही, देवाकडे बघितलं.

“होय म्हाराजा,” तो म्हणाला. आणि मग मागे वळून खेकसला, “अरे, सगळ्यांच्या तोंडात काय गूळ हा? मोठ्यान म्हणा रे! देवाक ऐकाक जावक व्हया!”

सगळ्यांनी म्हटलं.